परसातला हळदीचा वाफा

आखाडा बाळापूर
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय संपदा,

रोज फोन होत असताना बाबांनी पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तू जाणतेस. ‘जेवलात का’, ‘गोळी घेतली का’ एवढ्यावर आपली गाडी थांबते. मागच्या रविवारी तू म्हणालीस, ‘बाबा, सगळे म्हणतात वर्षाच्या आत लग्न उरका, तर पुण्यात सह्या करून मोकळं होऊ. पण हळद-बिळद काही नको. आई नाही, तर मला हळद लागायचीच नाही.’ मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’वर जाऊ नकोस. सह्यांच्या लग्नाला माझी ना नाही. अपूर्व तर मला तुझ्यापेक्षा शहाणा वाटतो. बोलायचं आहे ते हळदीचं.

तुझी आई डोंगरकड्याहून या घरात आली, तेव्हा रुखवतातल्या लाडू-करंज्यांच्या शेजारी मातीनं माखलेलं एक गाठोडं होतं. तुझ्या आजीनं ते उघडलं, तर आत हळदीचं बेणं! आपलं घर कारकुनांचं, आपल्याकडे कुणी कधी कोथिंबीरसुद्धा लावली नव्हती. आजी म्हणाली, ‘अगं, चार भांडी आणायची सोडून हे काय आणलंस?’ नवी नवरी मान खाली घालून म्हणाली, ‘आईनं दिलंय. लग्नाची हळद दुकानातून आणू नये म्हणती.’ न्हाणीचं पाणी परसात जातं तिथं तिनं वाफा केला, आणि पुढं तो वाफा कधी रिकामा राहिला नाही. मोठे गड्डे पुढच्या बेण्याला ठेवायचे, हळकुंडं शिजवून वाळवायची, आणि डबा भरून लग्नसराईची वाट बघायची, असा तिचा दर वर्षीचा नेम.

आपल्या गल्लीतली एकही पोरगी दुकानच्या हळदीनं पिवळी झाली नाही. वाटी घेऊन कुणीही यावं. वारंग्याच्या फाट्यावरच्या शिवशंकरच्या कोमलचं लग्न अचानक ठरलं, तेव्हा हिनं एसटीच्या कंडक्टरच्या हातात पुडी दिली आणि त्याला बजावलं, ‘दादा, तिकीट फाडायचं विसरला तरी चालंल, ही पुडी विसरू नका.’ त्या बिचाऱ्यानं फाट्यावर गाडी थांबवून स्वतः उतरून पुडी पोचवली. बायकोचा एवढा दरारा पाहून मला तेव्हा हसू आलं होतं.

लोक कौतुकानं सांगतात, की आमच्या हिला कधी बसलेलं पाहिलं नाही. तुझी आई बसायची. दुपारची भांडी झाली, की पाट घेऊन वाफ्याशी टेकायची आणि पानांकडे बघत राहायची. आजीला अर्धांग झाल्यावर इतकी वर्षं तिचं अंथरूण, न्हाणं, घास भरवणं सगळं करून, माझी शाळेची वेळ आणि तुझा अभ्यास सांभाळून ती टेकायची. आणि ज्या आजीनं गाठोड्यावरून तोंड वाकडं केलं होतं, तीच खाटेवरून आल्यागेल्याला सांगायची, ‘हळद लागली तर न्या बरं, आमच्या सुनेच्या माहेरची हाय.’ सासूला जिंकणं म्हणजे काय, ते मी या घरात पाहिलं, आणि त्यासाठी एकदाही आवाज चढलेला ऐकला नाही.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. नांदेडच्या डॉक्टरांनी आपल्याला बाहेर बोलावून हळू आवाजात जे सांगितलं, ते तिनं आत बसून ओळखलं होतं. त्यानंतर मृगाच्या तोंडावर तू चार दिवस येऊन गेलीस, आणि तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या रूपाबाईला हाक मारली. रूपाबाई कुदळ चालवत होती आणि ही पाटावर बसून बोटानं दाखवत होती, इथून तिथपर्यंत. वाफा दरवर्षीच्या दुप्पट झाला. अंगात ताप, उन्हाचा कहर, आणि हिचं हे चाललेलं. मी चिडून म्हणालो, ‘एवढी हळद काय करायची आहे?’ ती म्हणाली, ‘लागंल.’ बस, एवढंच. पोळ्याच्या आधी ती गेली.

ती गेल्यावर मला घरात काय करावं ते कळेना. पाहुणे पांगले, तूही नोकरीवर गेलीस. मग मी वाफ्याला पाणी घालू लागलो. सकाळी घालायचो, संध्याकाळी घालायचो. पानं माझ्या कमरेपर्यंत आली, तशी जगण्यात थोडी चव आली. पण संक्रांत झाली आणि पानं पिवळी पडू लागली. म्हटलं, तिनं एक वस्तू मागं ठेवली, तीही माझ्या हातून चालली. मी पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी! शेवटी एका सकाळी बादली घेऊन निघालो, तर भिंतीवरून रूपाबाई ओरडली, ‘दादा, पाणी काहून घालून राहिले? सडवता का काय तिला? पानं वाळल्याबिगर हळद पिकत न्हाई!’ हळदीच्या जिल्ह्यात केस पांढरे केले आणि मला एवढं ठाऊक नव्हतं! मी तिथंच बादली ठेवली आणि हसत सुटलो. हसता हसता रडलो, ते रूपाबाईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पाणी तोडलं. पानं वाळली, ती कापली, आणि मग खणायला बसलो. काय सांगू तुला! वर नुसतं वाळलेलं रान, आणि एका कुदळीसरशी खालून गड्डाच्या गड्डा वर आला, हळकुंडांनी लगडलेला. मोडून पाहिलं, तर आत उजेड पडावा असा रंग. मी कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसलो होतो. आपण जिला इतकी वर्षं रोज बघत होतो, ती बाई केवढी होती हे आपल्याला कळलंच नाही, असं वाटलं. मग न्हाणीतलं मोठं पातेलं काढून हळद शिजवली. हळकुंडात काडी आरपार गेली की झालं, हे रूपाबाईनं शिकवलं. माळवदावर पसरली, रोज हलवली, पोत्यात घालून घासली. शाळेत जन्मभर फायली चाळल्या, पण हातांना रंग चढला तो आत्ता.

काल पाडव्याला डबे भरून झाले आणि रूपाबाई ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, ‘दादा, आता सांगते. वैनीनं शपथ घातली व्हती. म्हणल्या, हे संपदाच्या हळदीचं हाय. पोरगी माडीवर फोनवर बोलत व्हती, मी आवाजावरून वळखलं. ती आपल्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. तुमी बी आमच्या यांना आधी सांगू नका. मी गेल्यावर त्याहिला काही तरी काम पायजे, त्याहिलाच पाणी घालू द्या, त्याहिलाच काढू द्या. हळद घरात आली की मग सांगा. ते पोरीला बराबर बोलावून आणतील.’ पोरी, अपूर्वचं नाव तू मला दिवाळीत सांगितलंस. वाफा मृगातला आहे. म्हणजे मी जगलो, राबलो आणि आता हे पत्र लिहायला बसलो, तेही तिनंच नेमून दिलेलं काम. हळकुंडं मी दळलेली नाहीत. जातं धुऊन ठेवलंय, गल्लीतल्या सगळ्या बायका निरोपाची वाट बघताहेत. विधुरानं जात्याच्या खुंट्याला हात लावावा की नाही, हे मी गुरुजींना विचारलेलं नाही, तू म्हणशील तसं. सह्या खुशाल पुण्यात करा. पण त्याआधी एक दिवस अपूर्वला घेऊन घरी ये. आई नाही म्हणून तुला हळद लागायची नाही, असं तू म्हणालीस ना? ये, तुझी आई डब्यात भरून ठेवली आहे.

पिवळ्या हातांनी वाट बघणारा,
तुझाच
बाबा