मागावरची दुसरी जागा

अड्याळ, ४ जून २०१०

ती. खेमराजदादा यांस,
भूषणचा सा. न. वि. वि. आई आणि तुझी लेक दामिनी खुशाल आहेत. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहितो.

हातमागाच्या शिक्क्यासाठी दुकानाच्या नोंदणीचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. त्यात भागीदार म्हणून तुझं नाव होतं. यंत्रमागाची लुगडी हातमागाची म्हणून विकल्यामुळे तुझी नोंदणी रद्द झालेली. नोंदणी कचेरीतले साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला फसवल्याचा ठपका असलेला माणूस भागीदार किंवा कारभारी असेल तर शिक्का मिळणार नाही. आणि शिक्क्याशिवाय नागपूरचे व्यापारी आपल्या करवतकाठी कोसा साडीला हात लावत नाहीत.

करवतकाठी विणायला दोघं लागतात, हे तुला काय सांगू? तुझ्या जागेवर शेजारचे डोमाजी बसतात. ते बोलतच नाहीत, दादा. तू होतास तेव्हा शिव्या तरी खायला मिळायच्या.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
भूषण

सुरत, १५ जून

चि. भूषण यास अनेक आशीर्वाद.
माझं नाव टाकलंस काहून? काढ आणि पुन्हा अर्ज कर. चूक माझी, तिची शिक्षा तुले कायले? मी इथे यंत्रमागावर बरा आहे. कारखान्यात आवाज एवढा की घरची आठवण यायला जागा नाही, असं आईला सांग. सुटीच्या दिवशी कारखाना गप्प असतो, तेव्हा फार जड जातं. ते सांगू नको.

दामिनीला माझा पापा.
खेमराज

अड्याळ, २६ जून

ती. दादा,
सा. न. वि. वि. साहेबांना पुन्हा भेटलो. दादा नुसता विणायला बसला तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, मजूर म्हणून चालेल. खरेदी, विक्री, सही, कशात हात नको.

अर्जावर मालक म्हणून माझं नाव लिहिलं. मजुरांत तुझं लिहायला हात धजत नाही. मागावर बसून धोटा धरायला तूच शिकवलंस. एवढा वेळ काय लिहून राहिला, म्हणून आईने विचारलं. तुला कमीपणा वाटत असेल तर अर्ज करत नाही. पण तू ये.

धाकट्यावर राग धरू नकोस.
भूषण

सुरत, ६ जुलै

भूषणशेठ यांस मजुराचा रामराम.
लिहून टाक. इथला हिशेब झाला की निघतो. मजुराची अट एकच, दुपारचं जेवण आईच्या हातचं.

बाजारात लोक विचारतील, मोठा भाऊ धाकट्याच्या हाताखाली काहून? तेव्हा तू मान खाली घालू नको, मधे बोलूही नको. काय केलं होतं ते मीच सांगीन.

आशीर्वाद मात्र अजून माझ्याकडूनच घ्यावे लागतील.
खेमराज