हवा आधी माझीच संपते

८ जून, फ्लोरिडा कीज
परत तेच. समुद्राखालच्या नर्सरीत पाइपांची झाडं, त्यांना प्रवाळाचे तुकडे टांगलेले, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. आम्ही टूथब्रशने त्यांचं शेवाळ घासतो. सा. (सायली. फ्रीमाँटची, हे सगळं रीतसर शिकलेली, माझी डायव्हिंगची जोडीदार) शेजारी आली, माझा ब्रश नीट धरून दिला. एवढंच. सिलिंडर निम्म्या वेळात रिकामा. एकाची हवा संपली की दोघांनी वर यायचं, हा नियम. बोटीत म्हणाली, "हवा पितोस की काय?"
खरं कारण कसं सांगणार.

११ जून
आज मात्र रागाने. भाड्याच्या बोटीतून कुणीतरी नांगर टाकला, तोही आम्ही खडकावर लावलेल्या तुकड्यांवर. खालून मूठ दाखवली. त्यांना वरून काय दिसणार, बुडबुडे. हवा खतम. सा.ची निम्मी झाडं घासायची राहिली.

१२ जून
घरून, कॅरीहून, आईचा फोन. तिथल्या मराठी मंडळात सांगते, मुलगा रिसर्चला गेलाय. कॉलेज सोडलं, हे आमच्या घरात अजून कुणी म्हणत नाही. म्हटलं, आई, इथे मी ब्रशने प्रवाळ घासतो. म्हणाली, स्वतःचे दात घासायला हाका माराव्या लागायच्या.

२० जून
सा.ने बॉसकडे, डेव्हकडे, जोडीदार बदलून मागितला. माझ्यासमोर. म्हणे इट्स नॉट पर्सनल. पर्सनल असतं तर परवडलं असतं यार.
पाणी तापत चाललंय. तुकडे पांढरे पडून मरायच्या आत किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवायचेत. हवा पुरवून वापरणारी माणसं हवीत. मी तडकलो, मग मला काढूनच टाका. डेव्ह म्हणाला, विचार करतो.
तो खरंच विचार करेल असं वाटलं नव्हतं.

२२ जून
लहानपणी चिडलो की बाबा एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचे. पाढा आठवता आठवता राग विसरायचो. आज पाण्याखाली तोच. एका ओळीला एक श्वास. सा. जवळून गेली तेव्हा साताला अडलो, परत पहिल्यापासून. पण हवा उरली! डेव्ह म्हणाला, हलवाहलव होईपर्यंत राहा, जोडी नंतर बदलू.

२७ जून
तुकडे हलवले. पाणी विसरलेल्या चहासारखं कोमट. सा.ने स्वतः वाढवलेलं झाड शेवटी राहिलं होतं. तुकडे कडेने पांढरे. ती तिथेच थांबली. तिचे बुडबुडे माझ्यासारखे, दाट, भराभर. तिच्या हवेचा काटा लाल पट्टीत, माझी बरीच शिल्लक. वर चल अशी खूण केली. तिने नाही म्हणून मान हलवली. परत केली. शेवटी आली. झाड खालीच.
वर मास्क काढला, डोळे लाल. म्हणाली, खारं पाणी गेलं. मी टॉवेल पुढे केला. मग तिने विचारलं, "तू खाली काय बडबडतोस?"
सांगितलं. हसेल वाटलं. नाही हसली.

२८ जून, बोटीत
ते झाड आणायला निघालोय. डेव्हने जोड्या विचारल्या. सा. म्हणाली, जुनीच राहू दे, आजच्यापुरती.
आजच्यापुरती हा शब्द मी सकाळपासून चघळतोय.
झाडात अजून जीव असेल का, कुणास ठाऊक. ती समोर पट्टे आवळतेय.
"एकोणतीस त्रिक?"
"सत्त्याऐंशी."
"पुढे?"
पुढचं मला खाली गेल्यावरच आठवतं, म्हणालो. मग चल, म्हणाली.