आईच्या आवाजाची वाटणी

दादा,

आई गेल्यावर तिची रेकॉर्डिंगं ठेवलेल्या, घरच्या नेटवर्कवरच्या त्या पेटीतून दोन्ही डिस्क मीच काढल्या. एक तुला, एक मला. भांडण नको म्हणून. आज दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, प्रत्येक फाइल दोन्हींवर अर्धी-अर्धी आहे. एकटीवरून काहीच ऐकू येणार नाही. दुसरी आणा, सगळं परत मिळेल."

लगेच तुला फोन केला.

"ती होय? रिकामीच दाखवत होती. पुसून पोरांची कार्टून भरली. तुझ्या डिस्कवर आईचा आवाज आहे ना? तू लाडकी, तुझ्या वाट्याला जास्तच आलं असेल."

मी "आहे" म्हणाले.

खोटं बोलायला आईनं शिकवलं नव्हतं. पण फोनवर खरं सांगितलं असतं तर तू रडला असतास आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढी माया आता उरलेली नाही.

तुझी,
धाकटी