लाल ठिपक्याची दुर्बीण

बाबा,

आधी खुशाली. स्पर्धेसाठी कॅम्प पेरीला नीट पोचले, वेळेवर जेवते, सरोवरावरचा वाराही यंदा शहाण्यासारखा वागतोय. तुमचा गुडघा काय म्हणतो? आई जिना चढू देत नाही ना?

आता लपवलेलं सांगते. तुम्ही कानशीने घासून बसवलेली पिस्तुलाची नेम धरायची माशी मी मार्चमध्येच काढली आणि तिच्या जागी लाल ठिपक्याची दुर्बीण बसवून घेतली. हल्ली सगळे तीच लावतात. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

काल पहिल्याच फेरीत तुम्ही घरी भरलेलं काडतूस उडालं, पण रिकामी पुंगळी आतच अडकली. मी हात वर केला. पंच आले तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "काडतुसं बाबांनी भरलीत. वय झालं, हात थरथरतो, दारू कमी पडली असणार." नेमकी तेव्हाच सगळ्या रांगेने कानांवरची झाकणं उतरवली होती, सगळ्यांनी ऐकलं.

शेजारी नेमबाजी करणाऱ्या व्हर्लिनकाकांनी पिस्तूल पाहिलं. "दारू बरोबर आहे, पोरी. वरच्या सरकत्या भागावर तू हे ओझं चढवलंस आणि आत स्प्रिंग जुनी, कडकच ठेवलीस. तो मागे सरकणार कसा?"

मला मान वर करवेना.

संध्याकाळी काडतुसांचा डबा रिकामा केला. तळाशी तुमची चिठ्ठी होती, तिच्यात गुंडाळलेली हलकी स्प्रिंग. "दुर्बीण लावली असशील तर ही घाल."

बाबा, अक्षर कुठेही थरथरलेलं नाही.

तुमच्यासमोर यायला लाजणारी,
लोर्ना