देवरावच्या वावरातली लाल रेघ

१८ मे
सुषी आन् जवाई काल आले. धोंड्याचं जेवायले बोलावलं होतं. जवाई यवतमाळले कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, फोनवर सांगितला होता तसा जुना लॅपटॉप त्यानं आणला. अनारसे तळता तळता माझं सगळं ध्यान त्याच्या पिशवीत. जेवण झालं की म्हटलं, जवाईबापू, आता जीप पाहा. बुढा बाजेवरून वरडला, "अवं, पान तं खाऊ दे त्याले!" पान जीपमधे बसूनबी खाता येते.

साखरेनं बुढ्याचे, माह्या नवऱ्याचे, डोळे नेले तवापासून जीपचं स्टेअरिंग माझ्या हाती. जंगलातल्या पोडांवर, आदिवासींच्या वस्त्यांवर, संस्थेचा फिरता दवाखाना नेते. आता संस्थेच्या साहेबाचं नवीन. पावसाळ्यात तीच गाडी लावणार जिच्यात नकाशा चालतो आन् साऱ्या पोडांची वाट भरून आहे. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्याची गाडी सिस्टर आन् औषधांसकट जंगलात चुकली, त्याचं हे. तिकडं रेंज नाही, मोबाईलचा नकाशा गोल गोल फिरत राह्यते. साहेबाले मोठा पडदाच पाहिजे, मागून सिस्टरलेबी दिसला पाहिजे म्हणे. पांढरकवड्याचा एक जण नवी गाडी घेऊन टपूनच आहे.
हे काम गेलं तं जीप दारात उभी.

१९ मे
बॅटरीवरून घरच्यासारखा करंट काढायचा डबा बसवला. लॅपटॉप लागला. मी सेल्फ मारला. डबा पीं पीं करून वरडला आन् लॅपटॉप मेला. परत लावला, परत मेला. त्याची आतली बॅटरी गेलेली, सेल्फ मारला की करंट पडते, मंग बंद. एवढं समजाले सकाळ गेली.
जवायाले कसं म्हणावं की तुले जमत नाही. म्हणून बुढ्याले मोठ्यानं म्हटलं, "आपल्या जीपचंच नशीब खोटं!" जवायाले समजलं. सीधी बॅटरीवरून जाड वायर वढली. आंधी इंजिन, मंग लॅपटॉप, असं ठरलं.
दुपारी जीप तव्यावानी. लॅपटॉप तापून आपोआप बंद. ओलं फडकं घालून ठेवलं तं जवाई वरडला, पाणी नको मामी, पाणी नको!

२१ मे
जीपीएसचं बटन आहे, तंबाखूच्या डबीएवढं, खाली चुंबक. टपावर चिकटवलं. काल चाललं. आज म्हणते सिग्नल नाही. आभाळ साफ, झाड नाही, काही नाही. जवायानं सारं खोललं. मी तोंड दाबून उभी.
शेवटी निघालं काय, तं वायर मी लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातलती. भोक बदललं की मशीन त्याले वळखत नाही. "दोन्ही सारखेच भोकं, मंग काहून वळखत नाही?" जवाई म्हणे, "मामी, त्याचा नंबर बदलते." म्हटलं मंग तुमच्या कंपनीवाल्यानं भोकावर नंबर लिहायले पाहिजे होता. सुषीच्या नेलपॉलिशनं बरोबर भोकापाशी टिकली काढली. लाल.

२२ मे
बसवायचं कशावर? जवायानं लोखंडी स्टँडचा फोटो दाखवला, नागपूरले भेटते म्हणे. नागपूर कोण जाते. सयपाकघरातला पाट घेतला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, डॅशबोर्डले आवळून बांधला. गचका बसला की झाकण अर्धं लागते आन् ते झोपी जाते. मंग झाकणबी ट्यूबनं मागं वढून बांधलं. आता उन्हाचा पडदा दिसत नाही. पुठ्ठ्याचं छप्पर केलं.
बुढा हात लावून लावून पाहून राह्यला. म्हणे, "देव्हारा केला का वं?"

२५ मे
दोन दिवस जवायाले घेऊन साऱ्या पोडावर फिरली. गाडी चालते तशी मागं लाल रेघ उमटत जाते. पाहातच राहावं वाटते. शाळेचा पोड, बोरीचा पोड, शेवटी टेकडीचा पोड. वावरं वखरून मोकळी पडली, सारे जातात तशी मीबी वावरातून सीधी गेली. देवरावच्या वावरातून तं टेकडी समोरच दिसते. जवाई खुश. "मामी, पाहा, एकदम सरळ रस्ता भेटला." मीबी खुश. बोलली नाही, पण खुश.

३ जून
जवाई-सुषी गेले. एकटीनं जीप काढली. इंजिन, डबा, लॅपटॉप, टिकलीचं भोक, मंग रेघेवर गाडीचा बाण. जमलं. कविता सिस्टर मागं बसून म्हणे, "ताई, आता तुम्ही विमानबी चालवता." म्हटलं तू तुझ्या सुया सांभाळ.
साहेबाले फोन लावला. म्हणे पेरण्या झाल्या की येतो, टेकडीचा पोड दाखवा, तोच सगळ्यात अवघड.

१२ जुलै
चिखलाचे हात धुऊन आता लिहायले बसली.
साहेब आले. बाजूले बसले, सिस्टर मागं औषधाची पेटी घेऊन. लॅपटॉप एका झटक्यात लागला. गावाबाहेर निघालो. रेघेवर बाण चालला, साहेब मान हलवून राह्यले. देवरावच्या वावरापाशी आलो आन् मी ब्रेक मारला.
रेघ वावरात. वावरात कपाशीची वीत वीत पऱ्हाटी.
साहेब म्हणाले, "रेषा सरळ आहे, चला."
"साहेब, पीक उभं आहे."
"मग ही रेषा कोणी आखली?"
"उन्हाळ्यानं," म्हटलं. दुसरं काय सांगू. उन्हाळ्यात वावरातून जाणं आन् पावसाळ्यात धुऱ्या-धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, हे इथं लहान लेकरालेबी कोणी शिकवत नाही. मले, जवायाले, सिस्टरले, कोणालेच आठोलं नाही. मशीनले कोण सांगणार.
तेवढ्यात देवराव डवऱ्याचं औत सोडून आला. साहेबानं चांगल्या मनानं पडदा त्याच्याकडं फिरवला, "हे बघा, इथून रस्ता दाखवतोय." झालं. देवरावचं तोंड काळं पडलं. "रस्ता? माह्या वावरातून? कोणाच्या सहीनं?"
धुऱ्यावरून गेली तं काळ्या गाऱ्या-चिखलात फसली. पुढच्या चाकांचा गियर टाकला तरी निघेना. सिस्टर पेटी डोक्यावर घेऊन पायी गेली. देवरावनंच बैल लावून जीप काढली. मंग बैल हाकत वावरात निघून गेला.
साहेब जाता जाता बोलले, "सव्वीस तारखेला परत येतो. पावसाळ्याची वाट भरलेली पाहिजे. नाहीतर मला दुसरी गाडी पाहावी लागेल."

१३ जुलै
देवरावनं धुऱ्यावर काट्या टाकल्या. बाभळीच्या, आडव्या. टेकडीच्या पोडाले पावसाळ्यात तेवढीच वाट, दुसऱ्या अंगानं नाला.
गेली त्याच्या घरी. चहा दिला, पण बस म्हणाला नाही.
"भाऊ, वावरातून नाही जात. धुऱ्यानं जाते."
"धुऱ्यानं जा ना वहिनी. बैलगाडी जाते, तुही जीप जाईन. पण त्या डब्यात माह्यं वावर नाही गेलं पाहिजे."
"डब्यात गेलं तं काय होते?"
"आज तुही रेघ. उद्या साहेबाची. परवा मोजणीवाला येते, म्हणते नकाशात रस्ता आहे. माह्या बापाच्या वावरातले पेरणीचे दोन तासं असेच पांदणीच्या रस्त्यात गेले. आले का वापस?"
खरंच गेले. मले माहीत आहे, साऱ्या गावाले माहीत आहे.
"मंग काय करू म्हणतोस?"
"पुसून टाक. माह्यासमोर."

१५ जुलै
जवायाले फोन. आंधी हवापाणी विचारलं, मंग सांगितलं. तो म्हणे उन्हाळ्याच्या रेघा पुसा, नव्या काढा. कसं पुसायचं ते तीनदा सांगितलं. मी "हो हो" म्हटलं. फोन ठेवला आन् शाळेच्या पोडाची सारी रेघ पुसून बसली. तिच्यात एकबी वावर नव्हतं, ती चांगली होती!
बुढा म्हणे, "मंदे, तुले पोडाची वाट तं येते ना? मंग त्या डब्याले काय पूजतं?"
"साहेबाले माह्या डोक्यात पाहता येत नाही, म्हणून."
बाजेवर कूस बदलून घेतली त्यानं.

१८ जुलै
शाळेचा पोड परत भरला, बोरीचा पोड धुऱ्या-धुऱ्यानं नव्यानं भरला. दोनदा फसली. एकदा लॅपटॉप पाटासकट सिस्टरच्या मांडीवर आला.
टेकडीचं देवरावसंग असं ठरलं. त्यानं काट्या बाजूले सारायच्या. मी त्याच्या धुऱ्यापाशी मशीन बंद करायची, त्याचं वावर संपलं की लावायची. म्हंजे त्याचं वावर डब्यात जातच नाही. तो म्हणे चालते. मे महिन्याची रेघ त्याच्यासमोर पुसली. मंग मशीन बंद केली, त्यानं काळा पडदा डोळ्यानं पाहिला, तवा काट्या सारल्या. मी गेली, पलीकडं लावली, पोडावर पोचली. पोडाचा मुखिया नाईक मोहाच्या झाडाखाली हसून राह्यला, "जीप आली, जीप आली!" चांगलं वाटलं.
घरी येऊन पाहते तं काय.
मधात बंद केलं तिथून पुढं लावलं तिथपर्यंत मशीननं आपल्या मनानं सीधी लाल रेघ मारली. देवरावच्या पऱ्हाटीच्या मधोमध. मेची होती त्याहूनबी सीधी.

१९ जुलै
जवाई म्हणे, "मामी, ते तसंच करते. मधातलं समजलं नाही की दोन टोकं जोडून टाकते."
"मंग मले आंधी काहून नाही सांगितलं?"
सुषीनं फोन घेतला, "आई, ते जवाई आहे तुझे." माहीत आहे. अनारसे मीच तळले.
मंग तोच परत बोलला. तेवढा तुकडा कापता येते म्हणे, पण तिथं रिकामी जागा राहीन, बाण तिथं गेला की मशीन वाट नाही म्हणून वरडते. सुट्टी काढून येतो म्हणे, पण सव्वीसच्या आत नाही जमत.
साहेबाले तुटलेली वाट चालत नाही. देवरावले जुळलेली चालत नाही.

२२ जुलै
बुढ्याचं मत, देवरावले सांगूच नको. त्याले काय समजते पडद्यातलं, अंधारात आहे तं अंधारात राहू दे. मलेबी वाटलं, माझे डोळे चांगले असून मले समजत नाही, त्याले काय समजीन.
रातभर पटत होतं. सकाळी नाही पटलं. त्यानं काट्या सारल्या त्या माझ्या शब्दावर. साहेब परत पडदा फिरवीन, तो फिरवल्याबिगर राहात नाही, मंग देवराव मले काय म्हणीन? आन् मंग काट्या जन्मभर.
पण सांगितलं तं आजच काट्या.
सिस्टर म्हणे टेकडीवरची म्हातारी तापानं पडली आहे, गोळ्या संपल्या. मी जीपनं धुऱ्यापर्यंत सोडलं, देवरावले न सांगता पुढं न्यावी वाटली नाही, पुढं ती पायी. लॅपटॉप बंदच ठेवला.

२४ जुलै
गेली देवरावच्या घरी. सांगितलं. जसं झालं तसं, मशीननं मनानं मारली म्हणून. त्यानं ऐकलं. घरात गेला. त्याची बायको बाहेर आली, म्हणे, "ते झोपले." सकाळी दहाले!
सांजच्याले काट्या परत धुऱ्यावर.

२६ जुलै
जीपमधेच लिहून राह्यली. इंजिन चालू आहे, वही हलते.
साहेब सकाळीच आले. धुऱ्यापर्यंत सारं बरोबर. काट्या आडव्या. देवराव काट्यांपाशी उकिडवा बसलेला. साहेबानं घड्याळ पाहिलं, मले पाहिलं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सिस्टरसंग पायी व्हा पुढं, म्हातारीले गोळ्या पाहिजे. ते बोलले, "परत येईपर्यंत वाट मोकळी झालेली दिसली पाहिजे, आज मी ठरवूनच जाणार आहे." बूट गाऱ्यात घालत गेले.
मी देवरावले म्हटलं, "ये. बस वर. आंधी पाहून घे, मंग मले शिव्या दे."
बसला. पाय बाहेरच. मी पडदा त्याच्याकडं केला. हे गाव, हा नाला, ही टेकडी, ही तुह्या वावरातली रेघ. लपवलं काही नाही. तो लय वेळ पाहात होता. बोट लावलं नाही, नुसतं वरून फिरवत होता.
मंग म्हणे, "माह्यी विहीर कुठं आहे याच्यात?"
"नाही."
"घर?"
"नाही."
"रेघ आहे, आन् मी नाही." थुंकला बाहेर. "विहीर टाकता येते का?"
येते. टिंब टाकायचं जवायानं शिकवलं होतं, पोडासाठी. विहिरीपाशी जीप न्यायची तं मधात पऱ्हाटी, म्हणून टपावरचं बटन काढून त्याच्या हाती दिलं, वायर पुरत नाही म्हणून परत घेतलं. शेवटी त्यानं पडद्यावरच जागा दाखवली, इथं, नाही थोडं अलीकडं, हां. टाकलं. नाव विचारते मशीन. म्हटलं, देवराव लिहू का?
"बापाचं लिही. विहीर त्यानं खांदली."
एका एका अक्षरावर बोट ठेवत लिहिलं. त्यानं वाचायले लावलं. दोनदा वाचलं.
"आन् धुरा?"
"तू चाल पुढं, मी गाडी घेऊन मागं येते. तू जिथून चालशील तिथंच रेघ पडीन. वावरातली मंग कापते, तुह्यासमोर."
उतरला. काट्यांपाशी जाऊन उभा आहे, एक काटी हातात धरली आहे. सारतो का अजून घट्ट करतो, मागून समजत नाही.
टेकडीवरून साहेब आन् सिस्टर उतरताना दिसून राह्यले.