बंद केल्यावर कोण ओरडतं

२ फेब्रु., सोमवार
सकाळीच कल्पना दारात. एके काळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून चिंचा खायची, आता माझ्याच जुन्या शाळेत नववीला शिकवते. नववीच्या मुली रेडिओ-टीव्हीचा अभ्यास करणार आहेत. कोण ऐकतं, कोण बघतं, कार्यक्रम करणारे कुणाला डोळ्यापुढे ठेवून करतात. "टीचर, थोडे दिवस मुलींना मदत करा ना." निवृत्त बाई म्हणजे फुकटची बाई, असं गावाने ठरवलेलंच आहे. घरोघरी विचारायचे प्रश्न तिने इंटरनेटवरून उतरवून घेतलेले. पहिलाच प्रश्न: ‘आपल्या गृहसंकुलात...’ तळोद्यात गृहसंकुल! तिच्यासमोरच काट मारली.
हो म्हणाले. घरात माणसाचा आवाज तरी येईल.
डॅनियलने पेज अर्धी खाल्ली. लकवा झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून एक शब्द नाही. खाटेवर पडून खिडकीकडे बघत असतो. उशाशी रेडिओ, सकाळी लावते तो झोपेपर्यंत. दुपारी गुजराती स्टेशन मध्येच घुसतं, तेही चालतं त्याला. चालत असावं.

४ फेब्रु.
सुनीलचा सुरतेहून फोन. "आई, बाबांना आता काही कळत नाही गं. इथे एक चांगली जागा आहे, बघायला माणसं असतात. तू माझ्याकडे राहा." म्हटलं, कळत नाही कसं? दिवसभर रेडिओ ऐकतो तो.
"ऐकतात, का नुसता चालू असतो?"
फोन ठेवला. मुलाला चांगलं बोलायला शिकवलं त्याचं फळ.
२२ तारखेला येतोय. ठरवायला. नवरा माझा, ठरवणार हा.

५ फेब्रु., गुरुवार
मुली पहिल्यांदा आल्या. सहा जणी. पाच बडबड्या, एक गप्प. ती सविता पावरा, डोंगरातल्या काठीकडची, वसतिगृहात राहते. मराठी ती शाळेत आल्यावर शिकली, म्हणून जपून बोलते.
मी विचारलं, समोरचा खरंच ऐकतोय हे कसं ओळखाल? एक म्हणाली, त्यालाच विचारायचं. सविता म्हणाली, "विचारलं तर सगळे खोटं सांगतात, टीचर."
"मग?"
"बंद करायचं. जो ओरडतो तो ऐकत होता."
तिच्या घरी बाप रेडिओ छातीवर ठेवून झोपतो. बंद केला की तो हलतही नाही. ओरडते आजी, बाहेर शेळ्यांपाशी बसलेली. मुली खो खो हसल्या. मीही. कल्पनाच्या छापील प्रश्नांपेक्षा हे बरं. हेच करायचं ठरलं, घरच्यांची परवानगी घेऊन.

७ फेब्रु., शनिवार
गल्लीतून फिरलो. पहिल्याच घरी मालक टीव्हीसमोर मांडी घालून. "आमना घर टीव्ही मी एकलाच देखस. बायासले टाईम कोठे शे?" बायकोही दारातून म्हणाली, नाही ताई, मी नाही देखत. सविताने बटण दाबलं. मालक कान खाजवत बसला. आतून बायको पिठाच्या हातांनी बाहेर. "कोनी बंद करी दिना?" मग मालिकेची सगळी कथा तिनेच सांगितली, कोण कुणाची सावत्र, कोण ढोंगी. त्या नायिकेचं तोंड मात्र तिने एकदाही पाहिलेलं नाही. चुलीपासून टीव्ही दिसत नाही. म्हणून ‘बघता का’ विचारलं की नाही म्हणते. बिचारी खरंच सांगते.
माझ्या शेजारच्या झुबेदाभाभींकडे तर कमालच. त्यांचे इस्माईलभाई रिमोट पोटावर ठेवून घोरत होते. बंद केल्याबरोबर आतून आवाज, "ए, किसने बंद किया? अब्बी तो सास का भेद खुलनेवाला था!" इस्माईलभाई घोरतच राहिले. टीव्हीवाले यांनाच प्रेक्षक समजत असणार. यांच्यासाठी त्या जाहिरातींचा आरडाओरडा, आणि खरी ऐकणारी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापतेय. डोकं तापलं माझं. मुलींना म्हटलं, हे लिहा. असंच लिहा, सभ्य करू नका.
शेवटी सगळ्या माझ्याकडे पाणी प्यायला आल्या. "टीचर, आता तुमचं घर." सविता रेडिओकडे गेलीसुद्धा. मी इतक्या जोरात ओरडले की तिने हात पोळल्यासारखा मागे घेतला. "घरात आजारी माणूस आहे, कळत नाही?"
मुली गेल्या. लाज वाटते.
खरं कारण त्याचं आजारपण नाही. रेडिओ बंद केला आणि डॅ. काहीच म्हणाला नाही, तर? बोटही हललं नाही तर? चालू आहे तोवर तो ऐकतोय.

१० फेब्रु.
सविताला बोलावून पपई कापून दिली. माफी नीटशी मागता आली नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये माफी मागायला शिकवायचे, पण सिस्टरांची. पोरांची मागायला कुणी शिकवलं नाही. पोरगी पपई खाऊन म्हणाली, "आमची आजी तुमच्यापेक्षा जोरात ओरडते."
बरं वाटलं.

१४ फेब्रु., शनिवार
वर्षाची मिरची कांडून आणली. गिरणीवाल्याला सांगत होते की आधी यंत्र पुसून घे, तर तोंड उघडलं तेव्हाच भुकटी उडाली. ठसका काही केल्या थांबेना.

१५ फेब्रु., रविवार
आवाज गेला. डॉक्टर म्हणतात घसा सुजलाय, अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. हे मला! झुबेदाभाभी हसून हसून बेजार. "मॅडम, मोहल्ला सूना हो गया." हातानेच जा म्हटलं.

१६ फेब्रु., सोमवार
डॅ. सकाळपासून बेचैन. चांगला हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटतोय. ठक, ठक. कपडे पाहिले, कोरडे. पाणी दिलं. कूस बदलली. रेडिओ चालूच होता, स्टेशन बदललं, आवाज वाढवला. ठक, ठक. रागावताही येईना. डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं म्हणा.
दुपारी सविता लिहिलेलं दाखवायला आली. दारात उभी राहून बघत होती, आधी त्याच्याकडे, मग रेडिओकडे, मग माझ्याकडे.
"टीचर, रेडिओ तर चालूच आहे."
मी हातानेच विचारलं, मग?
"तुम्ही बंद झाल्या ना."
 मग डॉक्टरांना न जुमानता खाटेपाशी वाकून म्हटलं, "डॅनियल, पुरे. कान किटले माझे." फाटक्या बांबूसारखा आवाज.
हात थांबला.
सविताने हसू दाबायला ओढणी तोंडात धरली. मी तिला मिठीच मारली असती, पण एवढं मला येत नाही. पपईच परत दिली.

१७ फेब्रु.
खरं असावंसं वाटतं म्हणूनच विश्वास नाही. सकाळी मुद्दाम गप्प राहिले. चहा निवेपर्यंत काही नाही, मग ठक, ठक. बोलले, थांबला. दुपारी पुन्हा गप्प. काहीच नाही. बघते तर झोपलेला. हे धरायचं का नाही? मुलींना सांगितलं असतं, एकाच घरावरून काही सांगू नका.
दिवसभर मी बोलते तरी काय? दूध पातळ, नळाला पाणी नाही, कल्पनाला आयतं हवं, फादरांचं प्रवचन लांबलं. लग्न झाल्यापासून हेच. तहसील कचेरीतून दमून यायचा, मी बोलायची, तो पेपराआडून "हं" म्हणायचा. लोकांना मी त्याला अरे-तुरे करते याचं नवल. मला त्या "हं"चा राग. वाटायचं, हा ऐकतच नाही.
आज तो "हं" ऐकण्यासाठी मी काय वाटेल ते...

२० फेब्रु., शुक्रवार
आवाज निम्मा परत. सुनीलला फोनवर सांगितलं. "आई, तो नुसता झटका असेल. रविवारी बघतो." चांगलं ऐकवणार होते, घशाने साथ दिली नाही.
मुलींचं वाचन शाळेत झालं. कल्पना म्हणे सगळा वर्ग हसत होता आणि मग हसता हसता गप्प झाला. सविताने वाचलं. माझं घर त्यात नव्हतं. मी सांगितलं नव्हतं तिला, वगळ म्हणून.

२२ फेब्रु., रविवार
सुनील सकाळच्या गाडीने आला. बापाच्या पायाला हात लावला, केस विंचरले. वाईट नाही पोरगा. दमलाय आणि घाबरलाय.
जेवल्यावर त्याला खाटेशेजारी बसवलं. रेडिओ मीच बंद केला.  कुणी ओरडलं नाही. सुनील माझ्याकडे बघू लागला. मी ओठांवर बोट ठेवलं.
तोंड बंद राहावं म्हणून हे लिहितेय. घरात एवढी शांतता आम्ही इथे राहायला आल्यापासून नसेल. भिंतीपलीकडे भाभींची मालिका. बाहेर जीपवाला प्रवासी गोळा करतोय. सुनीलचा शर्ट चुरगळलेला आहे, कॉलर मळकी, सून काय करते विचारायचंय. विचारत नाही. "आई, अजून किती वेळ?" म्हणाला. डोळे वटारले.
डॅ.चे डोळे उघडे. खिडकीकडे नाही, छताकडे. हात चादरीवर. हा हात मला पाठ आहे, करंगळी थोडी वाकडी.
सुनीलने खुर्ची पुढे ओढली. तोही आता हाताकडेच बघतोय.
घसा खवखवतोय, खोकत नाही. डॅनियल, ऐकतोयस ना, बघ मी किती गप्प आहे.