पंपाची केबल

१० नोव्हेंबर, सोमवार

देवराव सरांनी आज सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बेसाच्या नव्या दवाखान्याच्या साइटवर, दवाखाना बांधणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे. "आमच्या मॅडमच्या एस्टिमेट शीटमध्ये गडबड झाली." तेही हसत हसत! जशी काही चहात साखर कमी पडली.

झालं असं. इमारत पाच मजली, विजेचं काम आमच्या ऑफिसकडे. आगीच्या पंपाला जी केबल लागते ती वेगळी असते, आगीतही दोन तास करंट वाहून नेणारी. ती जळली तर पंप बंद, आणि वरच्या मजल्यावर पलंगाला खिळलेली माणसं. साइटवर उतरली ती साधी केबल. केबल गुंडाळलेल्या ड्रमवरचं वाचून चंपतराव फोरमनचा सकाळीच फोन आला. "मॅडम, हे तं साधी हाय. इथं पेशंट राहतीन."

म्हटलं, मी अशी लिहिणारच नाही. पण ऑर्डर माझ्या शीटवरून निघालेली. खाली 'तयार करणारी — उत्तरा'.

बारा वर्षं नकाशे मोजते आहे. दिवे, पंखे, प्लगपॉइंट, केबलचा मीटर न् मीटर. अजूनही बाहेरचा माणूस आला की माझ्या टेबलाशी उभा राहून विचारतो, एस्टिमेटवाले साहेब कुठे बसतात? आता त्यांना सांगायला गोष्ट मिळाली.

११ नोव्हेंबर

माझ्यानंतर शीटला हात कोणाचा लागला? जितेंद्रचा. जुलैत सरांनी "रेट थोडे उतरव" म्हणून फाइल त्याला दिली होती. मला विचारलंसुद्धा नाही. मोजायचं मी, आणि कात्री चालवायची वर्षभरापूर्वी आलेल्या माणसानं.

त्याच्या टेबलाशी जाऊन सरळ विचारलं. म्हणाला, "मी दिव्या-पंख्याचे रेट बदलवले, मॅडम. केबलच्या ओळीले हात नाही लावला." नजर खाली. खोटं बोलणारा माणूस असाच खाली पाहतो.

१३ नोव्हेंबर

सर म्हणतात विषय सोड, केबल बदलून देऊ. काहून सोडू? नाव माझं गेलं आहे, त्यांचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सरांच्या केबिनमध्ये उभ्यानंच बोलले. बसा म्हणाले, बसले नाही. सांगून टाकलं — या ऑफिसात एक तर तो राहील नाही तर मी. बाहेर टायपिंग थांबलं होतं. ऐकू देत सगळ्यांना. सर म्हणाले, बघतो. त्यांना तरी काय, डॉक्टरीणबाईंना सांगायला एक नाव हवंच होतं.

घरी प्रेमानंदला सांगितलं. नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यावी की नाही? हा म्हणतो, "त्याचं पुरतं ऐकून तं घेतलं का?" ताट तसंच ठेवून उठले. याला काय माहीत, बाईची एक चूक निघाली की बारा वर्षं कशी पुसली जातात!

१५ नोव्हेंबर, शनिवार

जितेंद्रला काढलं.

दुपारी ड्रॉवर रिकामा करत होता. पट्टी, कॅल्क्युलेटर, डबा, सगळं एका पिशवीत. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

"नकाशा वाचणं तुमच्याजवळच शिकलो, मॅडम. तुमच्या शीटशी असा खेळ मी नसता केला."

अजून कबूल नाही! निगरगट्टपणाची हद्द आहे. माफी मागितली असती तर कदाचित मीच सरांना म्हटलं असतं, ठेवा त्याला. नाही मागितली. गेला. दार हळूच लावून गेला, त्याचाही राग आला.

१६ नोव्हेंबर

रविवार असून डोकं शांत नाही. त्याला काढल्यानं माझं नाव धुतलं गेलं असं थोडंच आहे? साइटवर अजून 'मॅडमची गडबड'च चालू असणार. मला लेखी पाहिजे. टेंडरच्या वेळी मी सरांना पहिली शीट मेल केली होती, जितेंद्रच्या हाती जायच्या आधीची. ती काढते आणि सगळ्यांना पाठवते. डॉक्टरीणबाईंना, चंपतरावांना, सरांना. बघा म्हणावं, बरोबर कोणी लिहिलं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सहा जुलैचा मेल उघडला. जितेंद्रकडे फाइल जायच्या नऊ दिवस आधीचा. पंपाच्या ओळीत साधी केबल. हिंगण्याच्या एका जुन्या कामाच्या शीटवरून मीच उचललेली ओळ, बदलायची राहिलेली.

मेल ठरल्याप्रमाणे सगळ्यांना पाठवला. वर लिहिलं — चूक माझी. जितेंद्रची नाही.

तो फोन उचलत नाही. पत्ता घेतला आहे, निघते.